विमानतळांतील अंतर व उड्डाणकाल
दोन विमानतळांना भूपृष्ठावरून जोडणाऱ्या सर्वांत लहान मार्गाची लांबी म्हणजे त्यांमधील हवाई अंतर होय. हे अंतर स्थिर असते. मात्र ते कापण्यास लागणारा काळ वारे, मार्ग व विमानाची गती यांनुसार बदलतो.

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठावरील दोन स्थळांमधील सर्वांत लहान मार्ग बृहत् वृत्ताच्या कंसावर असतो. (ज्याची पातळी पृथ्वीच्या मध्यातून जाते, ते बृहत् वृत्त.) सपाट नकाशावर हा कंस बहुधा वक्र दिसतो व नकाशावरील सरळ रेषा लांबची ठरते. स्थळांचे अक्षांश-रेखांश ज्ञात असल्यास पृथ्वीच्या केंद्राशी त्यांमध्ये होणारा कोन गोलीय त्रिकोणमितीने काढता येतो. या कोनाची एक कला म्हणजे सु. एक सागरी मैल (१.८५२ किमी.). मुंबई व लंडन (हीथ्रो) या विमानतळांमधील कोन सु. ६५ अंश, म्हणजे अंतर सु. ३,९०० सागरी मैल अथवा सु. ७,२०० किमी. भरते.

आधुनिक जेट विमाने १० ते १२ किमी. उंचीवरून ताशी सु. ९०० किमी. गतीने जातात. ही गती भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असते. ताशी १०० किमी. वेगाचा वारा पाठीमागून वाहत असेल, तर वरील अंतर ७ तास १२ मिनिटांत संपेल. तोच समोरून आल्यास ९ तास लागतील. वारा नसता जाऊन-येऊन १६ तास लागले असते, येथे १६ तास १२ मिनिटे लागतात. म्हणजे जाता-येता वाऱ्याचा परिणाम सम होत नाही. मध्य अक्षांशांत याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान जेट प्रवाह वाहतात. त्यामुळे लंडनहून मुंबईस येण्यापेक्षा तिकडे जाण्यास सामान्यतः अधिक वेळ लागतो. वेळापत्रकातील काळात जमिनीवरील संथ चाल, आरोहण, अवरोहण व उतरण्याची प्रतीक्षा यांचाही समावेश असल्याने लहान पल्ल्यांवर सरासरी गती बरीच कमी भरते.

सर्वांत लहान मार्ग सर्वांत जलद असतोच असे नाही. दिल्ली व सॅन फ्रॅन्सिस्को यांमधील बृहत् वृत्तीय अंतर सु. १२,४०० किमी. असून तो कंस उत्तर ध्रुवाजवळून जातो. एअर इंडियाने २०१६ मध्ये अटलांटिकवरील मार्ग सोडून दिल्लीहून पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून उड्डाण सुरू केले. हा मार्ग सु. १,४०० किमी. अधिक लांब होता; तथापि अनुकूल वाऱ्यांमुळे प्रवासकाल सु. दोन तासांनी घटला.

मार्गाची निवड राजकीय परिस्थितीवरही अवलंबून असते. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपले हवाई क्षेत्र बंद केले व ते १६ जुलै २०१९ रोजी पूर्ववत खुले झाले. दरम्यान दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला व काहींना इंधनासाठी मध्येच उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते क्षेत्र पुन्हा बंद करण्यात आले. वळसा वाढला की इंधन अधिक न्यावे लागते आणि तेवढ्या प्रमाणात प्रवासी वा माल कमी करावा लागतो.

तंत्रप्रगतीनेही उड्डाणकाल घटला आहे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे पहिले लंडन-उड्डाण कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले होते. पुढे जेट विमानांमुळे हा पल्ला न थांबता सु. नऊ ते दहा तासांत गाठणे शक्य झाले.