खिडकीतली आगगाडी

तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला १९८९ साली, न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत. ऑफिस सुटल्यावर गर्दी थोडी ओसरेपर्यंत तिथं बसायचं आणि मग बोरीबंदरला येऊन डोंबिवलीची गाडी धरायची, असा माझा तेव्हाचा परिपाठ होता. ‘स्टीम, स्टील अँड स्टार्स’ नावाचं एक जाडजूड, काळ्यापांढऱ्या फोटोंचं पुस्तक हाताला लागलं. त्यातल्या एका पानावर एका घरातला दिवाणखाना होता. खुर्चीत बसलेली बाई, तिच्याजवळ मांजर, खिडकीशी एक मुलगा. आणि खिडकीबाहेर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, रात्रीच्या अंधारात वाफेच्या इंजिनाची गाडी चाललेली. घरातलं कोणीच दचकलेलं नाही. मांजरसुद्धा नाही.

मला वाटलं, हे तर आत्याचं घर.

ठाकुर्लीला आत्या राहायची, रुळांच्या अगदी कडेला. फास्ट गाडी गेली की भिंतीवरचं कॅलेंडर डोलायचं आणि फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. आत्या बोलता बोलता थांबायची. गाडी जाऊ द्यायची आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायची, मधला एक शब्दही पुन्हा न म्हणता. नवीन पाहुण्याला वाटायचं, बाई विसरली. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे. सगळी ठाकुर्ली असंच बोलायची.

व्हर्जिनियातल्या लिथिया नावाच्या गावातला १९५५ सालचा तो फोटो ओ. विन्स्टन लिंक यांचा. तेव्हापासून आजवर, पस्तीसएक वर्षं, या माणसाने मला सोडलेलं नाही.

लिंक यांची माहिती थोडक्यात सांगतो. जन्म १९१४, ब्रुकलिन. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, पोट भरलं जाहिरातीच्या आणि कारखान्यांच्या फोटोंवर. जानेवारी १९५५ मध्ये एका कंपनीच्या एअर कंडिशनरच्या कामासाठी ते व्हर्जिनियात गेले असताना रात्री जवळच्या वेन्सबरो स्टेशनवर गाडी पाहायला गेले. ती नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे. कोळसा वाहणं हाच तिचा मुख्य धंदा, इंजिनं स्वतःच्याच रोअनोकच्या कारखान्यात बांधलेली, आणि अमेरिकेतल्या बाकी मोठ्या कंपन्या डिझेलकडे वळत असताना ही अजून वाफेवर टिकून होती. फार दिवस टिकणार नाही हे उघड दिसत होतं. लिंक यांनी कंपनीला पत्र लिहून फोटो काढायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि पुढची पाच वर्षं ते स्वतःच्या खर्चाने न्यूयॉर्कहून जाऊन येऊन काम करत राहिले. वीसएक फेऱ्या, सुमारे २,४०० निगेटिव्ह. मे १९६० मध्ये कंपनीचं शेवटचं वाफेचं इंजिन थांबलं आणि त्यांचंही काम थांबलं.

आता मला खरं जे सांगायचंय तिकडे येतो. ते म्हणजे रात्र.

लिंक यांचे बहुतेक गाजलेले फोटो रात्रीचे आहेत. त्यांचं म्हणणं साधं होतं: सूर्य आपल्या सोयीच्या जागी येत नाही आणि रूळ हलवता येत नाहीत, तेव्हा उजेडच आपला आणावा. आता विचार करा. काळं इंजिन, काळी रात्र, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग. शटर उघडं ठेवून थांबावं तर इंजिनाचा नुसता ओघळ उमटेल. म्हणून सगळा देखावा एका क्षणात उजळायला हवा. त्यासाठी लिंक फ्लॅशबल्ब वापरत. आजच्या फ्लॅशसारखे ते पुन्हा पुन्हा पेटत नसत. काचेच्या गोळ्यात धातूची बारीक तार, एकदा भडकून जळाली की बल्ब संपला. असे डझनावारी बल्ब ते झाडांत, छपरांवर, रुळांच्या कडेला, घरांच्या खिडक्यांमागे लावत. सगळ्यांना जोडणाऱ्या तारा शेकडो फूट लांब, आणि बल्ब पेटवायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलेलं. बल्ब एका माळेत जोडलेले असत, आपल्या जुन्या दिवाळीच्या लाइटिंगसारखे. एक तार सुटली तर एकही बल्ब पेटत नसे. वाचताना हे गैरसोयीचं वाटतं, पण हिशेब पक्का होता: अर्धवट उजळलेल्या फोटोपेक्षा फोटो न निघणं बरं, कारण निदान बल्ब वाचतात. सगळी मांडामांड करायला कधी दिवस जायचे. गाडी जायला लागायचे चार-पाच सेकंद.

आणखी एक बारकावा आहे, तो माझा फार लाडका. वाफेच्या इंजिनाचा काळा धूर रात्रीच्या आकाशात दिसतच नाही. दिसते ती पांढरी वाफ, तीही मागून किंवा बाजूने उजेड पडला तरच. म्हणून लिंक यांच्या फोटोंत इंजिनावर जो पांढरा डोंगर उभा राहतो तो नशिबाने मिळालेला नाही. तिथं उजेड आधीच नेऊन ठेवलेला होता. इंजिनाच्या ड्रायव्हरांशी, स्टेशनमास्तरांशी त्यांची ओळख झालेली, कुठल्या वळणावर काय हवंय हे त्या लोकांना ठाऊक असे. जॉर्ज थॉम नावाचा मदतनीस जोडीला. बाकी सगळी फौज गावातलीच.

सगळ्यांत प्रसिद्ध फोटो ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’. २ ऑगस्ट १९५६, वेस्ट व्हर्जिनियातलं एयगर गाव. मोटारीत बसून सिनेमा बघायचं मैदान, ओळीने लागलेल्या गाड्या, पुढच्या उघड्या मोटारीत एक तरुण जोडपं, पडद्यावर जेट विमान, आणि पडद्याच्या बाजूने धडधडत जाणारी मालगाडी. बल्ब लागले ४३. ती मोटार लिंक यांची स्वतःची ब्यूक होती आणि जोडपं त्यांनीच आणून बसवलं होतं. फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढराफटक पडला, म्हणून विमानाचं चित्र वेगळं टिपून डार्करूममध्ये त्या जागी बसवलं. हे कळल्यावर काही लोक हिरमुसतात. ‘म्हणजे फोटो खोटा!’ असं मला तोंडावर सांगणारे मित्र आहेत.

मला ते पटत नाही. आपल्या भाषेत ‘मांडणं’ हा किती मोठा शब्द आहे. आपण पाट मांडतो, पूजा मांडतो, रुखवत मांडतो. दिवाळीत अंगणात मुलं किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. त्यात खोटं काय असतं? लिंक यांच्या फोटोंत माणसं त्याच गावची, घरं त्यांचीच, गाडी वेळापत्रकातली. मोटार आणि जोडपं त्यांनी आणून बसवलं, पण त्या गावात रोज रात्री जोडपी मोटारीतून सिनेमाला येतच होती आणि गाडी बाजूने जातच होती. जे रोज घडतं पण अंधारामुळे फिल्मवर येत नाही, ते त्यांनी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं उजळून दाखवलं.

खरं म्हणजे फोटोग्राफीच्या सुरुवातीला न मांडलेला फोटो निघतच नसे. बोरघाटाचंच घ्या. घाटातल्या रेल्वेचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं येऊन थोड्याच दिवसांत वारले, आणि पुढचं काम त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन तडीस नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. ॲलिस यांनी कामाचे फोटोही काढले. त्या काळच्या ओल्या काचांवर फोटो घ्यायचा तर समोरच्या माणसाने काही सेकंद हलायचं नाही. म्हणजे कुणी तरी त्या मजुरांना ‘थांबा’ म्हटलंच असणार. घाटात एका वेळी चाळीस हजारांवर माणसं राबली, पटकी-तापाने किती गेली. त्यांतली थोडी त्या फोटोंमध्ये स्तब्ध उभी आहेत. त्यांना उभं केलं म्हणून ती खोटी ठरत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला लिंक यांच्या फोटोंत खटकते आणि ती सांगायला हवी. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख कष्टाचा आणि गरिबीचा होता. फोटोंत ते कष्ट, ती गरिबी फारशी येत नाही. सगळं कसं नीटनेटकं, रविवारी संध्याकाळी असावं तसं. प्रेमाने पाहणाऱ्याला जे नकोसं वाटतं ते तो चौकटीबाहेर ठेवतो.

आमच्याकडची वाफ कुठं गेली, हा प्रश्न मला नेहमी पडतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि पुढच्या पाच वर्षांत वीज कल्याणवरून पुणे-इगतपुरीपर्यंत पोचली. म्हणजे डोंबिवलीकराने इंजिनाचा धूर अमेरिकेच्याही आधी सोडला. पण वीज कुठून आली? ठाकुर्लीच्या चोळे पॉवर हाऊसमधून. तिथं कोळसा जाळून, पाण्याची वाफ करून वीज बनायची आणि ती रेल्वेला जायची. वाफ इंजिनातून उतरून आमच्या ठाकुर्लीत येऊन राहिली होती, एवढाच बदल. १९८० च्या दशकात तेही बंद पडलं. त्या चिमण्या आकाशात धूर सोडताना मी रोज पाहिल्या, पन्नास वेळा त्यांच्याखालून गेलो, आणि एकदाही त्यांचा फोटो काढला नाही.

लहानपणी खरं वाफेचं इंजिन बघायचं तर बाबा मला दिव्याला न्यायचे. तेव्हा मध्ये कोपर स्टेशन नव्हतं, डोंबिवलीनंतर थेट दिवा. तिथून पनवेलची गाडी सुटायची. लोकलमधून उतरून त्या इंजिनाजवळ गेलं की अंगावर गरम हवा यायची, ओल्या कोळशाचा आणि तेलाचा वास. पाणी गळत असायचं, कुठं तरी सुस्कारे चाललेले. एकदा फायरमनने फावड्याने भट्टीचं दार उघडून दाखवलं. आतला रंग लाल नव्हता, जवळजवळ पांढरा होता. मी दोन पावलं मागे सरलो आणि बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, ते अजून आठवतं.

त्याच भागात पुढे ‘शोले’मधल्या दरोड्याच्या गाडीचं चित्रीकरण झालं, पनवेलजवळ. पडद्यावर काही मिनिटं दिसणाऱ्या त्या प्रसंगाला सात आठवडे लागले. हीसुद्धा मांडलेलीच आगगाडी! १९७५ साली थिएटरात बसून मी वीरू आणि जयऐवजी इंजिनच पाहत होतो, आणि शेजारी बसलेला मित्र चिडला होता.

लिंक यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते गाड्यांचे आवाजही टिपत, आणि त्या आवाजांच्या रेकॉर्ड काढत. १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्री रूरल रिट्रीट नावाच्या छोट्या स्टेशनात त्यांनी ध्वनिमुद्रण ठेवलं. गावातल्या चर्चमधून नाताळची गाणी घंटांच्या सुरात वाजत होती, आणि त्यात ‘पेलिकन’ गाडी लांबून आली, थांबली, पुन्हा निघाली. ते ऐकताना मला आमच्या फडके रोडवरची दिवाळीची पहाट आठवते. गणपती मंदिराजवळ कुणी तरी गायला बसलेलं असतं, रस्त्यावर नवे कपडे आणि मोगरा, आणि तान वर जाते नेमकी तेव्हाच पलीकडून लोकलचा भोंगा. ऐकणारा कुणी कपाळाला आठी घालत नाही. डोंबिवलीत गाणं त्या भोंग्यासकटच ऐकायचं असतं.

२०१७ मध्ये मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा हट्टाने रोअनोकला गेलो. जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता लिंक यांच्या फोटोंचं संग्रहालय आहे, २००४ पासूनचं. लिंक त्याआधीच, जानेवारी २००१ मध्ये, गेले. मूळ प्रिंट पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी गडद आहेत. दिवाणखान्याच्या फोटोपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. जवळच वाहतुकीच्या संग्रहालयात १२१८ नंबरचं इंजिन उभं आहे, सिनेमाच्या मैदानाजवळून गेलेल्या इंजिनाचं भावंड, त्या वर्गातलं एकुलतं एक उरलेलं. चाक माझ्यापेक्षा उंच. हात लावला तर थंडगार लोखंड. दिव्याच्या त्या इंजिनाची ऊब हाताला हवी होती.

परत आल्यावर एक काम केलं, जे तीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेली, अजून त्याच घरात. मी तीन छोटे फ्लॅश नेले. एक पंख्याच्या दांड्याला बांधला, एक फडताळावर, एक खिडकीच्या खाली, बाहेर तोंड करून, पण जमिनीकडे झुकवून, म्हणजे गाडीच्या मोटरमनच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये. लोकल आतून उजळलेली असते, हे लिंक यांच्या इंजिनापेक्षा सोपं. पण नळीच्या दिव्यांचा हिरवट उजेड आणि घरातला पिवळा उजेड यांचा मेळ बसवता बसवता दोन संध्याकाळी गेल्या. आत्या मेथी निवडत बसली होती. तिला म्हटलं, तू नेहमीसारखीच बस. ती म्हणाली, मग मी बोलू का? म्हटलं, बोल.

ती शेजारच्या घरातल्या लग्नाचं सांगत होती. ७:४२ च्या सुमारास कल्याणकडे जाणारी फास्ट आली. पेले किणकिणले, मी बटण दाबलं.

फोटो माझ्या घरी दिवाणखान्यात लावला आहे. खिडकीत डब्यांच्या पिवळ्या चौकटी, दारात लटकलेली माणसं, त्यांतल्या एकाची पिशवी स्पष्ट दिसते. आतमध्ये आत्या, हातात मेथीची जुडी, मान थोडी वर, ओठ मिटलेले. येणारे विचारतात, या कशाची वाट बघतायत? मी सांगतो, गाडी जायची. नवरी मुलगी कुठली, ते तिला अजून सांगायचंय.