जीएनएमनंतर नऊ वर्षं वॉर्डात. आता पुढे काय शिकायचं?

भाग ऐकायला वेळ नसेल, तर हा घ्या लिखित मजकूर. मी ब्रह्मपुरीचा, काम कोडिंगचं, पण आजचा विषय नर्सिंगचा. माझी ताई जीएनएम आहे, नऊ वर्षं आयसीयूत ड्युटी करते. तिनं विचारलं, "मला थेट एमएस्सी करता येते का रे?" आपल्या काही श्रोत्यांचाही हाच प्रश्न होता. मग बसलो नियम वाचत.

सरळ उत्तर: थेट नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अनुभव दाखवला की डिग्री फारसं कोणी विचारत नाही. नर्सिंगमध्ये पायरी सोडता येत नाही. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा. एमएस्सीला पदवी लागते. म्हणून आधी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षांची एमएस्सी. एकूण चार वर्षं.

एमएस्सीसाठी पदवीला किमान ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. जुनी ड्युटी इथे कामी येते. चार वर्षांची बीएस्सी केलेल्यांचा पदवीनंतरचाच अनुभव धरतात. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. म्हणजे ताईला मध्ये वर्षभर थांबायची गरज नाही.

आता खरा प्रश्न: शिकून जायचं कुठे? एमएस्सीच्या पाच शाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. ही पदवी घेतलेले बरेच जण पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवतात. शिकवायची आवड असेल तर मस्तच. पण पेशंटजवळच राहायचं असेल, तर आधी दुसरी वाट बघा.

ती म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम रेसिडेन्सी पद्धतीचा आहे: साधारण २० टक्के थिअरी, ८० टक्के प्रत्यक्ष काम. शिकणं आयसीयूतच होतं. यालाही बीएस्सी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. फक्त, सरकारी दवाखान्यात या नावाचं पद असेलच असं धरून चालू नका.

चार वर्षं देणं जमत नसेल तर? क्रिटिकल केअर, ऑपरेशन थिएटर, नवजात बालकं अशा विषयांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. ते जीएनएमनंतरही करता येतात. ही पदव्युत्तर पदवी नव्हे, पण हातातलं काम नक्की सुधारतं.

सामुदायिक आरोग्य म्हटलं की काही जण नाक मुरडतात. पण आपल्या भागात बघा. गडचिरोलीच्या खेड्यांत शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला. एमएस्सीत प्रबंध लिहावाच लागतो. मलेरिया, सिकलसेल, घरची बाळंतपणं रोज पाहणाऱ्या सिस्टरकडे विषयांची कमी नाही. तिथे नऊ वर्षांचा अनुभव खरा भांडवल ठरतो.

शेवटी पैसा. फीपेक्षा मोठा खर्च म्हणजे बंद होणारा पगार. कायम सरकारी नोकरी असेल तर अध्ययन रजेचा नियम विचारा. बंधपत्र लिहून द्यावं लागतं. कंत्राटी पदावर ही सोय गृहीत धरू नका. वर्धा किंवा नागपूरला राहायचं तर खोलीभाडं, मेस, आणि इकडे मुलांची शाळा, धानाचा हंगाम. आमच्या घरी हा हिशेब भाऊजींसोबत बसून कागदावर मांडला, तेव्हाच चर्चा पुढे सरकली.

प्रवेशाआधी कॉलेजला चार गोष्टी विचारा:
१. या कोर्सला आणि या वर्षाला मान्यता आहे का?
२. स्टायपेंड किती, आणि लेखी देणार का?
३. ड्युटी कुठल्या वॉर्डात?
४. मागच्या बॅचच्या सिस्टर आज कुठे काम करतात?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजकडून नको, त्या सिस्टरकडूनच घ्या. आणि हा भाग तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या सिस्टरला पाठवा. नाइट ड्युटी संपली की ऐकतील. भेटू पुढच्या भागात!