जुन्या घराचं पोट
लेखांक ६ : उघडी खिडकी, ओली भिंत

गणपती आठवड्यावर आले की आमची ढोलकी केलरमधून वर येते. गेल्या वर्षी ती आली ती पांढरी दाढी घेऊनच. पुडीवर बुरशीचा मऊ थर, दोऱ्या चिकट, आणि थाप मारावी तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज.

केलर म्हणजे तळघर. बर्लिनच्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला तिथे लाकडी पट्ट्यांनी आडोसा केलेला, कुलूपबंद असा एक कोनाडा मिळतो. वर लोखंडी तुळया, त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी, खाली कुबट वास. थोडी ओल इथे धरूनच चालायची. जुन्या घराचं तळघर कोरडं ठाक नसणारच, असं जर्मन न्यायालयंही भाडेकरूंना ऐकवत आली आहेत.

तरी ढोलकीचा दोष माझाच. हवा खेळली की ओल जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून जूनपासून केलरची खिडकी मी दिवसभर सताड उघडी ठेवली होती. आता हिशेब बघा. बाहेर २८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत सुमारे १६ ग्रॅम बाष्प असतं. केलरच्या भिंती १६ अंशांवर, आणि त्या तापमानाला तेवढ्याच हवेत मावतं जेमतेम साडेतेरा ग्रॅम. उरलेलं पाणी भिंतीवर, बॅगांवर आणि ढोलकीवर. म्हणजे वाळवायच्या नावाखाली मी रोज पाणी आत आणत होतो! उलट पहाटे १४ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा अंगाला दमट लागते, पण तिच्यात बाष्प असतं दहा ग्रॅमहून कमी. ती आत येते आणि ओल घेऊन जाते. हे फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “पावसाळ्यात फडताळ उघडं टाकू नये, हे तुला रत्नागिरीत किती वेळा सांगितलं?”

पण सगळी ओल हवेची नसते, आणि खर्च करण्याआधी हे ओळखायला हवं. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे घेतले. एक छातीच्या उंचीवर, दुसरा जमिनीपासून वीतभर, चारी कडा चिकटपट्टीने बंद. दोन दिवसांनी वरच्या तुकड्यावर बाहेरून थेंब होते, म्हणजे हवेचं पाणी. खालचा काढला तर मागची बाजू ओलीचिंब. ते पाणी भिंतीतून चढलेलं.

ते का चढतं? मध्य बर्लिन हिमयुगातल्या जलप्रवाहाच्या रुंद, वाळूच्या खोऱ्यात वसलंय. काही भागांत दोन-चार मीटर खणलं की पाणी. रस्त्यांवरून डोक्यावर फिरणारे गुलाबी-निळे पाइप पाहुण्यांना कलाकृती वाटतात. ते बांधकामाच्या खड्ड्यांतून उपसलेलं भूजल वाहून नेतात. शहर पिण्याचं पाणीही याच भूजलातून घेतं. १९८९ नंतर कारखाने बंद पडले, पाण्याचा वापर जवळजवळ निम्म्यावर आला, उपसा घटला, आणि कित्येक भागांत पातळी वर आली. जुन्या विटांच्या भिंतींत ती ओल अडवणारा थर एकतर नसतो, नाहीतर जीर्ण झालेला असतो. भिंत बाहेरून खणून तो नव्याने घालणं हजारो युरोंचं काम, तेही घरमालकाचं.

माझ्या हातात होतं ते पन्नासेक युरोंत झालं. दोन साधे आर्द्रतामापक, एक आत, एक बाहेर. पुठ्ठ्याचे खोके गेले, झाकणाचे प्लास्टिकचे डबे आले. मांडणी विटांवर चढवली, भिंतीपासून चार बोटं सोडून. भिंतीला लागलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत मुरतात. मग चुन्याचे दोन हात. सिमेंटचा गिलावा मात्र चुकूनही नको, त्याने भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल आणखी वर चढते. ओल शोषणाऱ्या दाण्यांचे डबे बंद कपाटात ठीक. पट्ट्यांच्या कोनाड्यात ठेवाल तर अख्ख्या इमारतीची हवा वाळवत बसाल. हवेतली ओल खेचणारं ३०० वॅटचं यंत्र आठ तास चालवलं तर रोज अडीच युनिट वीज, म्हणजे युरोभर खर्च.

चुन्यावरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात या शहरात ‘ट्रॉकनवोनर’ असायचे, म्हणजे घर वाळवणारे भाडेकरू. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि होताना पाणी सोडतो. नव्या, ओल्या इमारतीत गरीब कुटुंबांना नाममात्र भाड्यावर ठेवत. त्यांच्या श्वासाने आणि चुलीने भिंती सुकल्या, की त्यांना बाहेर काढून जास्त भाडं देणारे आणत. मग ती कुटुंबं पुढच्या ओल्या घरात. खोकला सोबत.

खिडकी सगळ्यांचीच, त्यामुळे मी दारावर चिठ्ठी लावली : ‘उन्हाळ्यात सकाळी आठनंतर बंद.’ दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आणि उघडणार कोण?’ सध्या मीच उघडतो, सहाला. ढोलकी आता झोपायच्या खोलीतल्या कपाटावर आहे.

(पुढील लेखांकात : खिडकीमागे दुसरी खिडकी)