एकच माणूस, अनेक संचालक मंडळे

गावातील विविध कार्यकारी सोसायटीचा संचालक दूध संघावर असतो आणि पुढे तोच जिल्हा बँकेवरही निवडून जातो, हे आपण नेहमी पाहतो. सोसायटीत काय चालले आहे, हे मग बँकेत वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या कंपन्यांतही हेच घडते.

कंपनीचे मालक म्हणजे भागधारक. परंतु कारभाराची दिशा संचालक मंडळ ठरविते. एकच व्यक्ती दोन मंडळांवर बसली की त्या दोन कंपन्या जोडल्या जातात.

आपल्या नशिराबादचेच उदाहरण घ्या. येथील सिमेंट कारखाना ओरिएंट सिमेंटचा. तिचे अध्यक्ष सी. के. बिर्ला हे त्याच काळात पंखे बनविणाऱ्या ओरिएंट इलेक्ट्रिकचेही अध्यक्ष होते. 2025 मध्ये कंपनीची सूत्रे अदानी समूहातील अंबुजा सिमेंटकडे गेली. अंबुजाचे एक संचालक करण अदानी हे एसीसी सिमेंटचे अध्यक्ष व अदानी पोर्ट्सचे व्यवस्थापकीय संचालकही होते. कारखाना जागचा हलला नाही. त्याचे धागे मात्र पंख्यांकडून बंदरांकडे वळले.

या जोडणीने अनुभव इकडून तिकडे पोहोचतो, हा लाभ. परंतु स्पर्धक कंपन्यांत संगनमत होऊ शकते आणि अनेक खुर्च्या सांभाळताना एकीकडेही नीट लक्ष राहत नाही. म्हणून 2013 च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीस जास्तीत जास्त 20 कंपन्यांचे संचालकपद, त्यात सार्वजनिक कंपन्या 10 पर्यंतच, अशी मर्यादा घातली.

खरा प्रश्न पुढेच आहे. नवा संचालक कोठून येतो? बहुधा जुन्यांच्या ओळखीतून. आणि ओळखीला आपल्या देशात जात असते. डी. अजित, हान डोंकर व रवी सक्सेना यांनी 1,000 भारतीय कंपन्यांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 93 टक्के संचालक उच्च जातींचे, तर अनुसूचित जाती-जमातींचे अवघे 3.5 टक्के आढळले.

विद्यार्थी मित्रांनो, शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांच्या इतर संचालकपदांची माहिती छापलेली असते. ती वाचा, कागदावर नावे जोडून पाहा. सी.ए., कंपनी सेक्रेटरी, कायदा या वाटा धरा. स्वतंत्र संचालक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी 2019 पासून सरकारी नोंदवही आहे. तेथे नाव नोंदविण्यास कोणाची ओळख लागत नाही. बंद दार कोठे आहे हे कळले, तरच ते ठोठावता येते.