लेखकनामाची तालिकानोंद
लेखकनामाची तालिकानोंद म्हणजे ग्रंथालयाच्या तालिकेत लेखकाचे नाव कोणत्या रूपात द्यावे हे ठरविण्याची पद्धत होय. आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार (१९७८) लेखक ज्या नावाने सामान्यतः ओळखला जातो तेच नाव ग्राह्य धरतात, मग जन्मनाव काहीही असो. मराठीत या नियमाची खरी कसोटी वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) यांच्या बाबतीत लागते. त्यांचे मूळ नाव गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. ‘विशाखा’ (१९४२) हा कवितासंग्रह ‘कुसुमाग्रज’ या टोपणनावाने, तर ‘नटसम्राट’ हे नाटक शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध झाले. १९८८च्या सुधारणेनंतर अशा समकालीन लेखकाची दोन्ही नावे स्वतंत्रपणे नोंदविता येतात. मात्र ती ‘हेही पाहा’ अशा निर्देशाने जोडावी लागतात. अन्यथा ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्या वाचकाच्या हाती त्यांचे एकही नाटक लागत नाही.