सेकंड हँड टर्बो पेट्रोल सेडान घेताना मी काय बघितलं

(ज्यांना ट्रेनमध्ये रेंज जाते किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललेलं थोडं आवरून लिहिलंय.)

गेल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज एकच आहे. "बजेट सहा-सात लाख. नवी छोटी हॅचबॅक घेऊ की चार-पाच वर्षं जुनी टर्बो पेट्रोल सेडान?" मी स्वतः दुसरा पर्याय निवडला, गाडी वर्षाहून जास्त चालवतोय, आणि आज त्याबद्दलच बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, बीटेक. त्यामुळे उदाहरणं थोडी माझ्या धंद्यातली येतील, चालवून घ्या.

आधी माझी गरज सांगतो, कारण तुमची वेगळी असू शकते. मी जित्याचा. पनवेल-रोहा लाईनवर आपटा आणि हमरापूरच्या मधलं स्टेशन, दिवसातून मोजक्या गाड्या थांबतात. ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. घरी आई-बाबा. रात्री कुणाला बरं वाटलं नाही तर पेण किंवा पनवेल, आणि त्या वेळेला रिक्षा मिळेलच असं नाही. म्हणजे चार-पाच माणसं नीट बसतील, हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना श्वास रोखून धरावा लागणार नाही आणि डिकीत व्हीलचेअर मावेल, अशी गाडी हवी होती. पैशात बाबांच्या ग्रॅच्युइटीचा मोठा वाटा होता. तो पैसा परत येणारा नाही, म्हणून मी जरा जास्तच खोलात गेलो.

आता या गाड्या बाजारात आल्या कुठून ते बघू. टर्बो पेट्रोल सेडान आपल्याकडे आधीही होत्या. २०१० मध्ये फियाटनं लिनिया टी-जेट आणली होती, आपल्याच रांजणगावच्या कारखान्यातली. पण तेव्हा लोकांना डिझेल हवं होतं. खरा बदल १ एप्रिल २०२० ला झाला, बीएस-६ लागू झालं तेव्हा. छोटी डिझेल इंजिनं नव्या नियमात बसवणं महाग पडत होतं, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी ती बंद केली आणि त्या जागी छोटी टर्बो पेट्रोल आली. ह्युंदाई व्हर्नाला १ लिटर टर्बो मिळालं. चाकणला बनणाऱ्या स्कोडा रॅपिड आणि फोक्सवॅगन व्हेंटोला १.० टीएसआय मिळालं. २०२२ मध्ये त्यांची जागा स्लाव्हिया आणि व्हर्चुसनं घेतली, त्याही चाकणच्याच. त्या वेळच्या गाड्या आता पहिल्या मालकाकडून सुटतायत.

माझी रॅपिड २०२० ची, १.० टीएसआय, मॅन्युअल. टर्बो म्हणजे नक्की काय मिळतं, हे याच गाडीवरून छान कळतं. बीएस-६ च्या आधी हीच रॅपिड १.६ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनात यायची. चार सिलिंडर, १०५ पीएस, १५३ एनएम टॉर्क, आणि तो पूर्ण टॉर्क ३८०० आरपीएमला. नवं इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस आणि १७५ एनएम, पण तो १७५० आरपीएमपासूनच हातात येतो. इंजिन जवळपास चाळीस टक्के लहान, आणि ताकद जास्त. कर्नाळ्याच्या चढाला चार माणसं आणि एसी चालू असताना गिअर न टाकता गाडी वर जाते, ती या आकड्यामुळे.

ही ताकद फुकट येत नाही. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणारा जळका वायू आधी एका छोट्या पंख्याला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं. कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच पेटंट घेतलं होतं. गंमत त्या दांड्याच्या वेगात आहे. तो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो, त्याहूनही जास्त. एका बाजूला ९०० डिग्रीच्या वरचा वायू, आणि दांडा तरंगतो तो इंजिन ऑइलच्या केसाहून पातळ थरावर. ऑइल जुनं, घाण किंवा कमी झालं की तिथं जळून त्याचा कोळसा होतो, बारीक नळ्या चोंदतात आणि बेअरिंग झिजायला लागतं. साध्या इंजिनात ऑइल बदलायला उशीर केला तर ते बरंच सहन करतं. टर्बोचा तेवढा पेशन्स नाही.

म्हणून जुनी टर्बो घेताना तुम्ही गाडीइतक्याच आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असता. ओडोमीटरवरचा आकडा दुय्यम. ८० हजार किलोमीटर हायवेवर चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून घेईन. २५ हजार चाललेली, पण तीन वर्षांत एकदाच सर्व्हिस झालेली, रोज दोन किलोमीटर स्टेशनपर्यंत जाऊन थंड इंजिनावरच बंद होणारी गाडी नको. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हिस हिस्टरी म्हणजे गिट लॉग. कोड दिसायला कितीही छान असू दे, कमिट कधी आणि कशासाठी झाले ते बघितल्याशिवाय मर्ज करायचं नाही. छापलेलं सर्व्हिस बुक पुरत नाही, शिक्के कुणीही मारतं. बिलं मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड असतो. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला गाडी गेली असेल तर मालकाला सोबत घेऊन जा आणि त्यांच्या सिस्टिममधली नोंद बघा.

एक प्रसंग सांगतो. पनवेलजवळच्या एका डीलरकडे आम्ही एक टर्बो सेडान बघितली. ब्रँड आणि डीलर दोन्ही सोडून देऊ. गाडी आरशासारखी, आणि किंमत बाजारभावापेक्षा साठ हजार कमी. बाबा खूश. मी खिशातून ओबीडी रीडर काढला. हे छोटं ब्लूटूथचं यंत्र असतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरनं काय नोंदवलंय ते दिसतं. हजार-दोन हजारात मिळतं. एरर कोड एकही नव्हता. पण 'रेडिनेस मॉनिटर' नावाचं एक पान असतं, ते बऱ्याच जणांना माहीत नाही. गाडी स्वतःच्या ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरेंच्या चाचण्या घेत असते आणि झाल्या की 'पूर्ण' असं लिहिते. कुणी एरर कोड पुसले की या चाचण्याही पुसल्या जातात आणि परत पूर्ण व्हायला गाडी काही दिवस सगळ्या स्पीडला चालावी लागते. या गाडीत जवळपास सगळ्याच 'अपूर्ण' होत्या.

डीलर म्हणाला, "बॅटरी बदललीये साहेब, त्यानं होतं तसं." हे खोटं नाही, बॅटरी काढली तरी तसंच दिसतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, आठवडाभर कुणीतरी चालवू दे, शंभर-दीडशे किलोमीटर होऊ दे, मी परत येऊन बघतो, आणि त्यासाठी टोकन द्यायलाही तयार आहे. त्याला ते चालेना. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "अरे, साठ हजार म्हणजे थोडे आहेत का?" मी म्हटलं, "बाबा, टर्बो बदलायची वेळ आली तर साठ हजार कुठच्या कुठे जातील." बाबा पेणपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरी बघ."

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं फोनवर सांगा. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर का ते विचारा. थंड इंजिन सुरू झाल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली काळा चिकट थर असेल तर तिथूनच परत फिरा. मग चढावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. शिट्टीसारखा बारीक आवाज ठीक. हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज आणि सोबत ताकद कमी, म्हणजे कुठला तरी पाईप गळतोय. तो स्वस्तात होतो, पण किंमत कमी करून घ्यायला कामाचा आहे.

ऑटोमॅटिक घेत असाल तर गिअरबॉक्स कुठला ते आधी विचारा. रॅपिडच्या १.० टीएसआयला साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. काही गाड्यांमध्ये सात स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी असतो. चालवायला मस्त, पण कळंबोलीसारख्या ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना त्याचे क्लच तापतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसत असतील तर मी पुढे जाणार नाही.

आपल्या भागासाठी खास गोष्ट म्हणजे पाणी. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनीचा खड्डा आणि सीटच्या रेल्सखालचा गंज बघा. आपल्याकडे खारी हवा असल्यानं खाली थोडा गंज असतोच, पण केबिनच्या आत गंज यायचं कारण नाही.

किंमतीचं बोलताना एक गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब १ लिटर सेडानवर सेस धरून ४५ टक्के होता, तो ४० झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, पण डीलर जुन्याच आकड्यांवर अडून बसतात. डीलर स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरतो, पूर्ण किंमतीवर नाही, तेव्हा "जीएसटी वेगळा" असं कुणी म्हटलं तर कशावर ते विचारा. दोन माणसांच्या आपापसातल्या व्यवहारात हा कर येतच नाही.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण इथंच लोक अडकतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, किल्ली मिळाली, म्हणजे गाडी तुमची झाली असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे पेणचं आरटीओ, एमएच-०६. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस आधीच्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल, तो बजेटमध्ये धरा. आणि तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी विकत असेल तर लक्षात ठेवा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल. गाडी विकून दोन वर्षं झाली असली तरी.

आता वापराचं. कंपनी सर्व्हिस वर्षातून एकदा किंवा १५ हजारांवर सांगते. मी ऑइल आणि फिल्टर साडेसात-आठ हजारांवर बदलतो. काही जणांना हे जास्त वाटतं, मला हा सगळ्यात स्वस्त विमा वाटतो. डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असून भागत नाही, मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन नंबर जसाच्या तसा हवा. जास्त गिअरमध्ये, हजार-बाराशे आरपीएमला एकदम पाय दाबू नका. तिथं हवेचा दाब जास्त आणि फिरण्याचा वेग कमी असतो, मग मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टनला मार बसतो. एक गिअर खाली घ्या. लांबच्या धावेनंतर शेवटचा एखादा किलोमीटर हळू चालवा, टर्बोला गार व्हायला वेळ मिळतो. जित्यात शिरताना रस्ताच ते करून घेतो.

ई-२० पेट्रोलबद्दल खूप विचारतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, म्हणून वीस टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घसरू शकतं. दुसरीकडे इथेनॉल नॉकिंग कमी करतं, ते टर्बोला आवडतं. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांमध्ये रबरी पाईप आणि सील दर सर्व्हिसला बघून घ्या. मला ऐरोलीच्या ये-जा मध्ये १५ च्या आसपास मिळतं, घरच्यांना घेऊन मोकळ्या हायवेवर १८, आणि जॅममध्ये ११. कंपनीचा अधिकृत आकडा १८.९७ आहे.

आतापर्यंतचा खर्च म्हणाल तर दोन वेळा ऑइल, चार टायर, पुढचे ब्रेक पॅड, एक बॅटरी. टायर अजून चालले असते, पण २०११ पासून चाललेल्या आपल्या हायवेच्या कामानं एकाला फुगा आणला आणि मग चारही बदलले. शिवाय भात कापणीनंतर उंदरांनी एक वायर कुरतडली, तिचे अठराशे. त्याला टर्बो जबाबदार नाही. पुढचं मोठं काम टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपचं. त्यासाठी दर महिन्याला दोन हजार वेगळ्या खात्यात टाकतो. बाबा त्याला गाडीची आरडी म्हणतात.

तुम्ही एखादी गाडी बघत असाल तर ओबीडीच्या रेडिनेस पानाचा स्क्रीनशॉट आणि शेवटच्या दोन सर्व्हिस बिलांचे फोटो पाठवा, मालकाचं नाव आणि नंबर झाकून. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन बोलूया.