जुन्या फ्लॉपीतली चित्रे आणि डीटीपीवाल्यांना मिळू शकणारे काम

गिरगावातला छपाईचा धंदा आजकालचा नाही. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालचा. खाडिलकर रोडवरची लग्नपत्रिकांची दुकाने, लोअर परळच्या इस्टेटींमधील ऑफसेट, लालबागच्या गाळ्यांतले स्क्रीन प्रिंटिंग हा सारा पसारा त्याच परंपरेतला. १९९०च्या दशकात या धंद्यात संगणक शिरला आणि खिळे जुळवणाऱ्याच्या जागी डीटीपी ऑपरेटर आला. त्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तयार झालेली चित्रे, शिक्के, बोधचिन्हे आज फ्लॉपी, झिप डिस्क आणि सीडीत पडून आहेत. गिऱ्हाईक ती घेऊन येते तेव्हा नवा संगणक ती उघडत नाही. मग ऑपरेटर सांगतो, 'फाइल खराब आहे, नवीन करून घ्या.'

पुष्कळदा फाइल खराब नसते, तिची भाषा तेवढी जुनी झालेली असते.

उर्दू-अरबी छपाई करणाऱ्यांचे यात विशेष नुकसान आहे. पाकिस्तानचे मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालिक संगणकावर आणले आणि १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरचे इनपेज बाजारात आले. मजकूर संगणकावर जुळू लागला, तरी किताबाचे नाव, पत्रिकेवरची बिस्मिल्लाह, मदरशाचा तुघरा यांसाठी कातिबाची कलमच लागे. कातिबाचा कागद स्कॅन व्हायचा आणि पीसीएक्स किंवा टिफ फाइल होऊन कोरेल ड्रॉमध्ये बसायचा. मूळ कागद नंतर कुठे गेला हे कोणी पाहिले नाही. कातिब हयात नसेल तर ती फ्लॉपीच आता मूळ प्रत.

पहिला प्रश्न फाइल ओळखण्याचा. मॅकिंटॉशवर बनलेल्या फाइलीला नावापुढचे शेपूट बहुधा नसतेच, त्यामुळे विंडोज गोंधळते. पण बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीला त्यांच्या जातीची खूण असते. फुकट मिळणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पहिली चार अक्षरे पाहावीत. 'आयआय' किंवा 'एमएम' आणि जवळच ४२ हा आकडा दिसला तर टिफ, 'बीएम' दिसले तर बीएमपी, 'जीआयएफ' असेल तर गिफ, '८बीपीएस' म्हणजे फोटोशॉप. पीसीएक्सचा पहिला बाइट हेक्समध्ये ०ए असतो. योग्य शेपूट लावले की निम्म्या फाइली तिथेच उघडतात.

उघडण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. बोस्नियातल्या यायत्से गावच्या इरफान श्किल्यान या तरुणाने व्हिएन्नात शिकत असताना १९९६ मध्ये 'इरफानव्ह्यू' हा छोटा प्रोग्राम लिहिला. पीसीएक्ससकट कितीतरी जुने प्रकार तो उघडतो. (आपल्या मुलांना हे नाव जरूर सांगावे.) घरच्या वापरासाठी तो मोफत आहे, धंद्यासाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. 'कोण बघतोय' म्हणून तो चुकवणे हा हुकूकुल इबादचा मामला आहे. पैसे नसतील तर गिंप आणि इमेजमॅजिक धंद्यासाठीही मोफत आहेत.

कोरेल ड्रॉच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या सीडीआर फाइली आजचे कोरेल स्वतःच नाकारते. त्या लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये टाकून पाहाव्यात. २०१२पासून त्यात ही सोय आहे आणि २०१५पासून ते पेजमेकरच्या फाइलीही वाचते. चित्र आणि रेषा बऱ्यापैकी येतात. अक्षरे मात्र त्या काळच्या फॉन्टशिवाय अगम्य दिसतात, कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. जुना फॉन्ट गिऱ्हाइकाकडून मागून घ्यावा.

कोडॅकच्या फोटो सीडीचा किस्सा वेगळा आहे. १९९२ मध्ये आलेल्या या प्रकारात एकाच पीसीडी फाइलीत एक चित्र पाच आकारांत साठवलेले असते. कोरेल कंपनीच्या छायाचित्रांच्या सीडीही याच प्रकारच्या होत्या आणि त्या तेव्हाच्या डीटीपी सेंटरांत सर्रास दिसत. आजचे बरेच प्रोग्राम काही न सांगता ७६८ बाय ५१२चा मधला आकार उघडतात. तीनशे डीपीआयला तो जेमतेम अडीच इंच छापला जातो. त्याच फाइलीत ३०७२ बाय २०४८चे, म्हणजे दहा इंच छापता येईल असे चित्र असते. ते मागून घ्यावे लागते, इमेजमॅजिकमध्ये तशी सोय आहे. उजळ भाग पांढरेफटक आले तर फोटो सीडीचे रंग त्या प्रोग्रामला नीट वाचता आले नाहीत असे समजावे आणि दुसरा प्रोग्राम वापरून पाहावा.

आता सर्वांत मोठी चूक, जी रोज होते. फाइल उघडली की ऑपरेटर ती जेपेग करून देतो. जेपेग छायाचित्रासाठी ठीक आहे. कलमाने लिहिलेल्या अक्षरांच्या कडा त्यात धूसर होतात आणि फाइल लहान केली की शेजारचे दोन नुक्ते एकमेकांत मिसळतात. एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की 'बे'चा 'नून' होतो. आयत असलेल्या मजकुरात हा धोका कोण पत्करणार? किताबत ६०० किंवा १२०० डीपीआयच्या काळ्या-पांढऱ्या टिफमध्येच ठेवावी, स्क्रीनसाठी पीएनजी वेगळी करावी. रंगीत छपाईची चार रंगांतली टिफ आरजीबीत नेऊ नये. नेली की निव्वळ काळ्या शाईतला मजकूर चारही प्लेटांवर वाटला जातो आणि छपाईत अक्षर दुहेरी दिसू लागते. बदललेली प्रत मूळ प्रतीशेजारी मोठी करून हाफिज किंवा आलिमांकडून तपासून घेतल्याशिवाय प्लेटला देऊ नये. मूळ फाइल कधीही पुसू नये.

इंटरनेटवर 'फाइल टाका, बदलून घ्या' अशा जागा पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाच्या घरातल्या बायकामुलींचे फोटो, दस्तऐवज तिथे चढवू नयेत, ती अमानत आहे. काम आपल्याच संगणकावर करावे.

आपल्या होतकरू तरुणांना यात भांडवल फारसे लागणार नाही. साधा संगणक, यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह, जमल्यास झिप ड्राइव्ह आणि जुना मॅक हाती लागला तर उत्तमच, कारण मॅकची ८०० केबीची फ्लॉपी पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात शोधाशोध करावी. सोनीने फ्लॉपी बनवणे २०११ मध्ये बंद केले, तेव्हा ड्राइव्हही दिवसेंदिवस कमीच होणार. मुंबईच्या दमट हवेत फ्लॉपीच्या तबकडीला बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचे हेडही खराब होते, म्हणून सरकपट्टी हळूच बाजूला करून आधी उजेडात पाहावी. डाग दिसला तर घालू नये. चांगली असेल तर पहिल्याच वेळी संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा उतरवून घ्यावी आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर करावे. दर फ्लॉपीमागे न लावता उघडलेल्या फाइलीमागे लावावा, म्हणजे गिऱ्हाइकाशी वाद होत नाही.